भूपाळी कुणाला म्हणायची

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मेथी निवडली. मी देठंही भाजीत टाकत होतो, ती वेचून बाहेर काढत होती. "अहो, आज गुरं जेवायला यायचीत का?" म्हणाली. सकाळी उठलीच नाही...

मी चौथी शिकलेला, जन्म इथे आखातात, मीना बाजारात शिलाई मारण्यात गेला. माझी सुमन गुरवाच्या घरची. पहाटे आंघोळ झाली की भूपाळी म्हणायची. एकदा विचारलं, भूपाळी म्हणजे काय गं? म्हणाली, भूपाळ म्हणजे राजा. राजाला पहाटे गाऊन उठवायचे, संतांनी तेच गाणं देवापाशी नेलं. भूप रागावरून नाव पडलं असंही कोणी म्हणतं, पण हिला राजाच पटायचा. झोपलेल्याला मान देऊन जागं करायचं, हा तिचा अर्थ.

दोन हजार आठच्या मंदीत भाडं झेपेना, म्हणून एक खोली विनयला दिली. पुण्याचा, बँकेतला, नोकरी गेलेला. एका पहाटे दारात उभा राहिला. "काकू, कुणाला उठवताय? इथे कुणाला कामावर जायचंय?" दुसऱ्या खेपेला, बिल्डिंगच्या मालकाला सांगून गाणं बंद करीन म्हणाला. मी त्याच्या अंगावर धावलो, तर हिने माझा हात धरला. पोराची नोकरी गेलीय, जाऊ द्या म्हणे. तेव्हापासून ओठातल्या ओठात म्हणायची. मग तेही खलास. त्याला नोकरी लागली, तो मरीनात, समुद्राकाठच्या महागड्या वस्तीत, राहायला गेला. हिचा सूर काही परत आला नाही. म्हणायची, आता घसा धजत नाही. ती माफ करून गेली. मी नाही केलं.

शोकसभेला तो आला. माइक घेतला आणि म्हणाला, "काकूंच्या भूपाळीनेच आमचा दिवस उगवायचा." बायकांनी डोळे पुसले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, काका, कधीही फोन करा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच केला.

"काका? काय झालं?"

मी भूपाळी सुरू केली. सूर नाही, ताल नाही, आठवल्या तेवढ्या ओळी, ओरडून. मागे त्याची बायको कोण आहे म्हणून विचारत होती. मी थांबलो नाही. संपल्यावर तो बारीक आवाजात म्हणाला, "चुकलं माझं, काका. काकूंची माफी मागायची राहिली."

"माग की," मी म्हटलं. "आधी तिला उठव."