पाचवा स्पोक

चाचीच्या तोंडात कायम सायकलचा एक स्पोक असायचा. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात, आडवा, दातांनी हलकेच धरलेला. त्यामुळे ती तोंडाच्या उजव्या बाजूने बोलायची आणि कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ते बोलणं नीट समजायचं. नवीन गिऱ्हाईक मात्र गोंधळायचं. "पंक्चर का नुसती हवा?" एवढं विचारायला तिला तोच प्रश्न दोनदा म्हणावा लागे. जेवण, चहा आणि नमाज सोडून तो स्पोक बाहेर निघाला, की आम्ही पोरं गप्प व्हायचो. चाची आता महत्त्वाचं काहीतरी बोलणार, हे ठरलेलं असायचं.

आमच्या घराला लागूनच चाचाचं सायकलचं दुकान होतं. दुकानामागे त्यांचं घर. या दोहोंमधल्या पायरीवर, टांगलेल्या रिमांच्या खाली, चाची विणत बसायची. विणायला सुया नव्हत्या, स्पोकच होते. चाचाने नव्या स्पोकची वाकडी टोकं कापून, दोन्हीकडून कानशीने घासून, काचपेपरने ते इतके गुळगुळीत केले होते की लोकर त्यावरून पाण्यासारखी सरकायची. तीन स्पोकांवर टाके, चौथ्याने विणायचं. काम बाजूला ठेवताना टाके निसटू नयेत म्हणून ती टोकांना वॉलट्यूबचे, म्हणजे चाकात हवा भरायच्या तोंडावर जी बारीक रबरी नळी असते तिचे, तुकडे बसवायची. आणि पाचवा स्पोक तोंडात.

"चाची, विणायला चार लागतात. मग पाचवा कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"चौथा पडला तर उठून कोण आणणार? तू?"

पण तो कधी पडलेला मी लहानपणी पाहिला नाही. पाचव्या स्पोकने तेव्हा तोंडात बसून राहण्यापलीकडे काही काम केलं नाही.

गल्लीत मूल जन्माला आलं, की बारशाला चाचीची टोपी आणि मोजे जायचे. घर कुणाचंही असो. टोपीला आणि मोज्याला शिवण नसायची, सगळं गोल विणलेलं. शिवण पोराला टोचते आणि पोराला सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. टोपी ती बाळ यायच्या आधीच सुरू करायची, पण वरची टाळू बंद करायची नाही. टोपी उघड्या तोंडाच्या पिशवीसारखी तशीच राहायची. बाळ आल्याची बातमी कळली, की मग टाके कमी करत करत टाळू मिटायची आणि बाराव्या दिवशी टोपी डोक्यावर. "आधी डोस्कं येऊं द्या, मग झाकू की," ती म्हणायची.

माप घ्यायला दुकानाच्या फळीवर एक मोठा सोललेला नारळ होता. त्यावर टोपी चढवून बघायची. टोपी नेहमी जरा मोठीच. "डोस्कं वाढतंय, टोपी वाढत न्हाय." टोपी घातलेला नारळ फळीवर दिसला की येणारे-जाणारे सायकलवरूनच ओरडायचे, "काय चाची, पावणं कवा आलं?" ती उजव्या बाजूने उत्तर द्यायची, "आलं न्हाय अजून. येष्टीत हाय."

विणायला मी तिच्याकडेच शिकले. तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. याद्या करायची माझी सवय तेव्हापासूनची. मी वही घेऊन गेले आणि लिहायला लागले: एक, टाके घालणे, दोन, तीन स्पोकांवर सारखे वाटणे, तीन, पहिला आणि शेवटचा टाका जोडून गोल करणे. चाचीने वहीत डोकावून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण एवढं लिहिलंय हे दिसत होतं.

"वहीला मोजं घालायचं हायत व्हय गं?"

मी वहीप्रमाणे सगळं केलं आणि दोन दिवसांत दोन बोटं रुंदीची पट्टी विणली. ती गोल तर होती, पण मध्येच पिळलेली. कितीही सरळ करा, पीळ जाईना. जोडण्याआधी टाके सगळे एकाच बाजूला आहेत ना, हे बघायचं असतं. ते माझ्या यादीत नव्हतं. सगळं उसवावं लागलं.

"पयल्याच फेऱ्यात बघितलंतं मी," चाची म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर वहीत लिवलं असतंस आन् परत चुकली असतीस."

त्यानंतर आजवर माझ्या हातून पीळ पडलेला नाही. वहीत मात्र मी तो मुद्दा चार नंबरला लिहून टाकला, तिला न दाखवता.

कॉलेजात असताना सुट्टीत पुण्याला मामाकडे गेले. तिथून येताना एक नवलाईची वस्तू आणली: गोल सुई. दोन छोट्या सुया आणि त्यांना जोडणारी प्लास्टिकची लवचिक तार. सगळी मिळून दोन विती लांब. मी घरी न जाता आधी दुकानात गेले. चाचीने ती हातात घेतली आणि तोंडातला स्पोक काढला.

"ह्यो तर ब्रेकचा वायर हाय की!"

आतून चाचाचा आवाज आला, "कुठल्या सायकलीचा?"

"पुण्याच्या."

मी तिला गोल सुईचे फायदे एकामागून एक सांगितले. सुई पडायची भीती नाही. कोपऱ्यातले टाके सैल होत नाहीत. कामाचं वजन मनगटावर न येता मांडीत राहतं. वॉलट्यूब लागत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि टोपलीतला अर्धा विणलेला बाळमोजा माझ्यापुढे टाकला.

"घाल ह्यो हिच्यावर."

मी टाके सुईवर घेतले. मोज्याचा घेर तो केवढा! टाके निम्म्या तारेलाही पुरेनात. "ओढ की. आनि जरा ओढ," चाची म्हणत राहिली. अजून ओढलं असतं तर लोकर तुटली असती.

"बरं, मोजा नाही होणार," मी म्हटलं. "पण टोपीचा घेर तरी होईल ना?"

"हुईल. आन् टाळूला? टाके कमी झालं की परत माझं चारच लागणार न्हवं? रुंद असंल तर ही बरी, बारकं असंल तर स्पोक बरा. त्यात भांडाय काय हाय?" तिने स्पोक पुन्हा तोंडात ठेवला आणि सुई ब्रेकच्या तारांच्या खिळ्याला लटकवून टाकली. "ऱ्हाऊं दे हितं. कधी लागंल सांगता येत न्हाय."

ती तिथे सहा-सात वर्षं लटकत राहिली. एकदा कुणीतरी गिऱ्हाईक ती ब्रेकची तार म्हणून घेऊन निघालं होतं, ते चाचाने हाक मारून थांबवलं.

पुढे माझं लग्न झालं. सासर मुरगूडला. पहिल्या बाळंतपणाला मी थंडीत माहेरी आले. पहिल्याच दुपारी खाटेवर आडवी झाले होते, तर भिंतीपलीकडून फरशीवर काहीतरी पडल्याचा आवाज आला. टिंग. थोड्या वेळाने पुन्हा. मला वाटलं, दुकानात काम चाललंय.

"दुकानात न्हवं," आई म्हणाली. चाचीला ती भाभी म्हणायची. "भाभीच्या हातातनं स्पोक पडतोय. दिवाळीपास्नं चाललंय."

डॉक्टरांनी संधिवात सांगितला होता. सकाळी बोटं मिटत नव्हती, आणि चार स्पोक सांभाळायला बोटांत जोर आणि चपळपणा दोन्ही लागतात. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा चाचीने मांडीवरचं काम पदराखाली घेतलं. मी पदर बाजूला केला. माझ्या बाळाची टोपी होती. महिनाभरात जेमतेम दोन बोटं झालेली, टाके कुठे घट्ट, कुठे सैल. चाचीचे टाके असे मी कधी पाहिले नव्हते.

"थंडीनं हुतंय. जाईल," ती म्हणाली.

मी लगेच उपाय सांगायला सुरुवात केली. गरम पाण्याचा शेक घे. तिळाचं तेल लाव. लोकर जाड घे. आणि नसेलच जमत, तर मुरगूडात एक बाई टोप्या चांगल्या विणतात, त्यांच्याकडून करून आणते.

चाचीने स्पोक काढला.

"ह्या गल्लीतलं पोर आन् त्येच्या डोस्क्यावर मुरगूडची टोपी? मी मेलो काय?" दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या डोस्क्यावर माझी हुती, शाले. तुझ्या पोराच्या डोस्क्यावर न्हाय म्हंजे…"

आपण केवढं मोठं काहीतरी त्या मुरगूडच्या बाईला देऊन टाकायला निघालो होतो, ते मला तेव्हा कळलं. मी उठले, खिळ्यावरची गोल सुई काढली आणि पदराने धूळ पुसली.

"घेर हिच्यावर कर. टाळूचं मग बघू."

तिने सुई नुसती टोपलीत टाकली. पण दोन दिवसांनी भिंतीपलीकडचा टिंग थांबला. जाऊन पाहिलं तर टोपी मांडीत पसरलेली आणि चाची त्या पुण्याच्या वायरवर सावकाश गोल फिरत होती. टाके पुन्हा एकसारखे पडत होते. पाचवा स्पोक तोंडात होताच.

मला मुलगी झाली. घरी आणलं त्या दिवशी चाची दारातूनच बघून गेली. हाताची वीत बाळाच्या डोक्याभोवती धरली, टेकवली नाही, आणि म्हणाली, "नारळ बरोबर हाय."

आणि त्या संध्याकाळपासून टिंग पुन्हा सुरू झाला. टाळूला टाके कमी व्हायला लागले होते. गोल सुईचं काम संपलं होतं, स्पोकांशिवाय इलाज नव्हता. मी बाळंतिणीच्या खोलीत पडून मोजत होते. एकदा पडला की बराच वेळ शांतता. तेवढ्या वेळात चाची सुटलेले टाके उचलत असणार. मग पुन्हा टिंग. आठवा दिवस गेला, नववा गेला.

"भाभीला सांग की, टोपी नसली तरी चालतंय म्हणून," आई म्हणाली.

"मी नाही सांगणार. तू सांग."

"मीबी न्हाय सांगत."

अकराव्या दिवशी दुपारी चाची स्वतःच आली. एका हातात उघड्या तोंडाची टोपी, त्यात वॉलट्यूब लावलेले स्पोक. काखेत नारळ. खाटेजवळ बसली आणि म्हणाली, "हात धू."

मी हात धुतले. तिने टोपी माझ्या हातात दिली आणि बाळाला मांडीवर घेतलं. मी टाके मोजले. एकही कमी नव्हता. जेवढे सुटले होते तेवढे सगळे तिने परत उचलले होते.

"चाची, आजवर टाळू तूच केलीस सगळ्यांची."

"घेर माझाच हाय की. टाळू आईनं केली तर काय बिघडतंय?"

मी चौथा स्पोक घेतला आणि पहिले दोन टाके एकत्र विणले. चाचीने तोंडातला पाचवा स्पोक काढला. आता काहीतरी बोलेल म्हणून मी वर पाहिलं. तिने तो पदराला पुसला आणि माझ्या दातांत दिला.

"धर. चौथा पडला तर उठू नगोस. बाळंतीण हाईस."

फेरा लहान लहान होत गेला. शेवटच्या आठ टाक्यांतून धागा ओढला, आणि बटव्याचं तोंड आवळावं तशी टाळू मिटली. चाचीने टोपी आधी नारळावर चढवली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली. मग बाळाच्या डोक्यावर ठेवली.

"आलं पावणं," ती म्हणाली. तोंडात काही नसताना तिचा आवाज वेगळाच वाटला.

स्पोक तिने परत नेले नाहीत. त्यानंतर चाचा सगळ्यांना सांगायचा, "स्पोक गेल्यापास्नं हिच्या शिव्या लई स्पष्ट ऐकू येत्यात." मोजे तिने सोडले, ते माझ्याकडे आले. टोपीचा घेर ती करायची आणि टाळूचे टाके दोऱ्यात ओवून टोपी मुरगूडच्या एस.टी.त ओळखीच्या कंडक्टरजवळ द्यायची. बाळाची बातमी आली की मी टाळू मिटायचे आणि टोपी मोज्यांसकट परत धाडायचे. कुणाचं घर, कितवा महिना, बारसं कधी, हे सगळं माझ्या वहीत. माहेरी गेले की चाची आधी तेच विचारायची, "वहीत लिवलंस न्हवं?"

अशी सहा-सात वर्षं गेली. एका फाल्गुनात टोपी आली, ती दोऱ्यात ओवलेली नव्हती. गोल सुईच तिच्यात होती. आता तिच्याकडे विणायला काही उरलं नव्हतं. मी पुढच्या गाडीने कोल्हापूर गाठलं. चाची पायरीवर नव्हती, आत खाटेवर होती.

"सुई का पाठवलीस?"

"दोरा ओवाय दिसत न्हाय मला. दुसरं काय?" मग म्हणाली, "ठेव तुझ्याकडंच."

चैत्र संपायच्या आत ती गेली. ती शेवटची टोपी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंप्याच्या नातवासाठी होती. तो अजून यायचा होता, म्हणून टोपी महिनाभर उघड्या टाळूची माझ्याकडे राहिली. बाळ आल्याचा निरोप आला त्या दिवशी मी हात धुतले, टाके स्पोकांवर घेतले आणि दारात बसले. लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि विचारलं, "आई, ही कुणाची टोपी?"

पाचवा स्पोक दातांत होता. तो न काढता, उजव्या बाजूने मी म्हटलं, "चाचीची."

तिने पुन्हा विचारलं नाही. तिला समजलं होतं.