शेवटचा फर्मा

"शेवट आधी घट्ट बांधायचा, वाध्यार. मग पुढचं सुटलं तरी सापडतं."

पुस्तक शिवायला घेताना बाइंडर हे म्हणायचेच. आणि शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या सोळा पानांची घडी, आधी चौकटीवर दोऱ्याने आवळायचे. वाध्यार म्हणजे मास्तर, तो मी. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. माणूस तमिळ, ख्रिस्ती. पण आमच्या मराठी घराघरांतल्या पोथ्या बांधता बांधता मराठीही हेल काढून बोलायला शिकलेला.

त्यांची दोन्ही मुलं एकाच आठवड्यात पटकीने गेली होती. तेव्हापासून रोज दुकान आवरलं की ते बायकोला बायबलातलं सगळ्यात शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, वाचून दाखवायचे. त्यात सात डोक्यांचं श्वापद, आग, रक्त झालेला समुद्र! मी आपला शहाणपणा शिकवायला गेलो, की दुःखातल्या बाईला असलं भयंकर काय वाचून दाखवता?

त्यांनी सुई थांबवली. "भ्यालेल्या लोकांसाठीच लिहिलंय ते. राजा छळत होता त्यांना. जनावरं मधल्या पानांवर आहेत, वाध्यार. शेवटी देव स्वतः डोळे पुसतो. तिथपर्यंत पोचायचं म्हणून वाचायचं."

मी हसलो. मला तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं.

मग बासष्ट साल उजाडलं. तुमच्यापैकी जुन्या माणसांना आठवत असेल, आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार म्हणून केवढी हाय खाल्ली होती लोकांनी! आमच्या गल्लीत होम सुरू झाले. माझ्या बायकोला सातवा महिना होता. आईने डोहाळजेवण पुढे ढकललं. म्हणाली, जग राहिलं तर करू. बायकोने त्यातून एवढंच घेतलं, की या बाळाची कुणी वाट बघत नाही. तिने अन्न सोडलं. मी गणिताचा मास्तर, ग्रहांना हसणारा, पण तिला धीर द्यायला एक शब्द माझ्यापाशी नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

हे सगळं मी बाइंडरांपाशी बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेली वेष्टी नेसून आमच्या ओसरीवर हजर. हातात जाडजूड कोरी वही, पाठीला लाल कापड. ती त्यांनी माझ्या बायकोला दिली. बाळ पाच वर्षांचं झालं की अक्षरं गिरवायला लागेल, म्हणाले. मग आईकडे वळले.

"अम्मा, मी दोन पुरलीत. तरी सांगतो, वाट बघणं सोडायचं नाही."

ग्रह डोक्यावर असतानाच, त्याच आठवड्यात, आईने डोहाळजेवण केलं, सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. बायको त्या दिवशी पोटभर जेवली. चैत्रात मुलगी झाली.

मुलीने त्या वहीत पहिलं अक्षर गिरवलं त्याच वर्षी बाइंडर गेले. मी दुकानात गेलो. चौकटीवर त्यांचं स्वतःचं उसवलेलं बायबल होतं, गिऱ्हाइकांच्या कामापायी वर्षानुवर्षं बांधायचं राहून गेलेलं. फक्त शेवटचा फर्मा शिवलेला. बाकीचे बाजूला रचून ठेवलेले. मी दोरा ओढून पाहिला. जागचा हलला नाही.

त्यांच्या बायकोला म्हटलं, कुंभकोणमला एक बाइंडर आहे, त्याच्याकडून पुरं करून आणतो.

"राहू दे, वाध्यार," ती म्हणाली. "आता मीच वाचते. तिथूनच."