बारा ते तीनचा पहारा

तिच्या डाव्या तळहातावर कायम निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं असायचं. सकाळी सातच्या एस्टीत ती माझ्या शेजारी येऊन बसायची आणि मूठ उघडून दाखवायची. वर कॉलेजच्या प्रॅक्टिकलची वेळ, मध्ये मराठीच्या गुरुजींनी दिलेले पाच शब्द, खाली संध्याकाळच्या गौळणीची पहिली ओळ, तीसुद्धा तिच्या लिपीत. आमच्याकडचा घाम तुम्हाला माहीत आहे. कणकवली येईपर्यंत त्यातलं निम्मं पुसलेलं असायचं. मी विचारायचे, बाई गं, एका दिवसात हे सगळं कसं करणार तू? ती मूठ मिटायची आणि म्हणायची, "जमतला."

हा एक शब्द ती असा म्हणायची की डोळे मिटून ऐकलात तर वाटावं, ही इथलीच, आरोंद्याची कोणीतरी. डोळे उघडलेत की समोर सहा फुटांची गोरीपान मुलगी, उन्हाने सोललेलं नाक आणि आमच्या शेजारच्या काकीने शिवून घेतलेला, घोट्याच्या चार बोटं वर राहिलेला पंजाबी ड्रेस.

ती एस्टोनियाची. (नकाशा बघावा लागला ना? आम्हालाही लागला.) एका वर्षासाठी आमच्या कॉलेजात आली होती, खाडीतल्या तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, अभ्यास करायला. राहायची याच काकीकडे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभी राहून तिसऱ्या मोजायची आणि घरी आली की काकी त्याच तिसऱ्यांचं सुकं वाढायची. पहिल्या दिवशी तिने ताटातल्या शिंपल्यासुद्धा मोजल्या आणि वहीत लिहिल्या. काकीला वाटलं, कमी पडल्या म्हणून मोजते. तिने अजून दोन डाव वाढले.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती वाडीतल्या रिटायर्ड गुरुजींकडे मराठी शिकायला जायची. गुरुजी एकदम कडक. उंबऱ्याच्या आत आलं की शुद्ध मराठी, मालवणी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची असा नियम. ती बिचारी तासभर नीट बोलायची आणि चपला घालताना गुरुजींना सांगायची, "येतंय हां मी." गुरुजी कपाळावर हात मारायचे.

आणि बुधवारी, शनिवारी भजन. आमच्या वाडीच्या महिला मंडळात बुवा म्हणजे काकी, पेटीवर मी, बाकीच्या कोरसमध्ये. ही तिकडे पाच वर्षांची असल्यापासून गाणाऱ्यांच्या मोठ्या संघात होती, म्हणून काकीने तिला पहिल्याच शनिवारी कोरसमध्ये बसवलं. तिकडे म्हणे प्रत्येक रांगेची चाल वेगळी असते आणि सगळ्या मिळून छान लागतात. आम्हाला काय माहीत? काकीने ओळ सांगितली, सगळ्यांनी उचलली आणि ही आपली दोन सूर वरून वेगळीच निघाली. काकीने हात वर करून भजन थांबवलं.

"बाय, तू खंय चललंस?"

तिने हातवारे करून सगळं समजावलं. काकीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्याकडे चार वाटो असतीत. हयसर एकच आसा, आणि ती माझ्या पाठसून."

तेव्हापासून ती काकीच्या बरोब्बर मागे बसायला लागली.

तुम्ही म्हणाल, मजेत होती की मुलगी. होतीच. पण वर्षाच्या शेवटी एक गोष्ट तिच्या मानेवर बसलेली होती. मराठीची तोंडी परीक्षा. त्यात नापास झाली तर तिकडची युनिव्हर्सिटी हे अख्खं वर्ष धरणार नव्हती. तिसऱ्या, चिखल, सातची एस्टी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. गुरुजींनी तिच्याकडून 'माझा देश' हे भाषण इतकं पाठ करून घेतलं होतं की मलाही ते येत होतं.

आणि परीक्षेची तारीख आली ती नेमकी सप्त्याच्या शेवटच्या दिवसाची.

सप्ता म्हणजे देवळात सात दिवस अखंड भजन. वाडीवार तीन-तीन तासांचे पहारे लावलेले. पुढची वाडी येऊन मागे बसते, चालू असलेली चाल उचलते आणि मगच पहिल्यांनी उठायचं. मध्ये एक क्षणही खंड पडता कामा नये. आमचा पहारा बारा ते तीन. परीक्षा कणकवलीला पाच वाजता, कारण बाहेरून येणाऱ्या सरांची गाडीच दुपारची. स्कूटरने तासाभराचा रस्ता. गुरुजी म्हणाले, त्या दिवशी देवळाची पायरीसुद्धा चढू नकोस, आवाज सांभाळ. तिने त्यांना काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

वाडीत तापाची साथ होती. तिला सोडून आम्ही नेहमीच्या अकरा जणी, त्यातल्या सातच आलो. तरी तीन वाजेपर्यंत मस्त चाललं. तीनला पुढची वाडी आली नाही. सव्वातीनला निरोप आला, त्यांचा टेम्पो पुलावर बंद पडलाय, चालत येतायत.

आता एक सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. बुवा एक ओळ सांगतो आणि कोरस ती उचलतो, तेवढ्यातच बुवाला श्वास मिळतो. आणि आमच्या कोरसचा आवाज तोपर्यंत बसला होता. दोघींचे नुसते ओठ हलत होते, एकीला ठसका लागलेला. खणखणीत आवाज एकच, काकीच्या मागचा. काकीने गाता गाताच मान वळवून तिला डोळ्यांनी सांगितलं, जा. तिने मान हलवली. काकीने डोळे वटारले. तिने अजून जोरात ओळ उचलली. पेटीवर माझी बोटं चालली होती आणि नजर देवळातल्या घड्याळावर. साडेतीन. पावणेचार.

तीन पन्नासला ती माणसं घामाने निथळत आली, चपला भिरकावल्या आणि बसता बसता चाल उचलली. आम्ही दोघी पळत सुटलो.

स्कूटरवर मागे बसून ती भाषण म्हणायला लागली आणि माझ्या कानाशी नुसता वारा. मला वाटलं, वेगामुळे ऐकू येत नाही. गाडी थांबवली. आवाज गेला होता. म्हणजे पूर्ण गेला होता. एका टपरीवर गरम पाणी प्यायली, तरी तेच. मला रडू यायला लागलं. तिने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि पुढे हात दाखवला, चल.

पाच वाजून सहा मिनिटं. मी उघड्या दाराबाहेर उभी. आत सर म्हणाले, तुमच्या देशाविषयी सांगा. ती काहीतरी पुटपुटली. सर पुढे वाकले. मग तिने गुरुजींचं भाषण सोडूनच दिलं आणि आज काय झालं ते कुजबुजत सांगायला लागली. पहारा, पूल, टेम्पो, ताप. आणि गंमत बघा, पाच मिनिटांत सरही कुजबुजत प्रश्न विचारायला लागले. चहा घेऊन आलेल्या शिपायाने कप असा ठेवला की जणू आत बाळ झोपलंय.

सरांनी विचारलं, परीक्षा होती तर मध्येच उठली का नाहीस?

हा प्रश्न मला त्या दिवशी कोणी विचारला असता तर मी रडून मोकळी झाले असते.

"मी उठलंय असतंय," ती म्हणाली, "तर काकीन श्वास कधी घेवचो?"

सर कागदावर लिहीत राहिले.

पास झाली. खाली शेरा होता, प्रमाण भाषेचा सराव वाढवावा. गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जशी काही मालवणी मीच शिकवली होती.

दोन महिन्यांनी ती गेली. काकीने आमसुलं, कुळथाचं पीठ आणि एक टाळजोडी इतकी घट्ट बांधून दिली की विमानतळावर ते गाठोडं सोडायला दोन माणसं लागली म्हणे. गाडीत बसताना "येतंय" म्हणाली. काकी दूध उतू जातंय म्हणून आत गेली. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

यंदाच्या सप्त्यात आमचा पहारा पुन्हा बारा ते तीनच. अकराच्या अकरा जणी हजर. पुढची वाडी पावणेतीनलाच येऊन मागे बसली आणि तीनच्या ठोक्याला चाल उचलली. आम्ही बाहेर येऊन आंब्याखाली बसलो. कोणाचा आवाज बसला नव्हता, कोणाला कुठे पोचायचं नव्हतं. मी सरबताचे ग्लास वाटले. काकीने एक घोट घेतला आणि कितीतरी वेळ पुलाकडच्या रस्त्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "शिरा पडो ह्यांच्यार. मेल्यांका आजच येळार येवचा होता."