लाखेची मोहोर लावलेली भाकरी

मी चांगला वाचतो. हे माझ्याच तोंडानं सांगतोय खरं, पण लोकांनी इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते पटलं. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं, निवृत्त झालो, आणि घरात बसून बायकोच्या आमटीला नावं ठेवण्यापेक्षा बरं म्हणून पेठेतल्या वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी वाचन सुरू केलं. वीसेक माणसं येतात. निवृत्त मास्तर, बँकेतले, एक वकील, गुळाचे एक व्यापारी; आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त. मी मोठ्यानं वाचतो, ते ऐकतात, मग चहा होतो.

कादंबरी का वाचत नाही असं कुणी विचारलं, की मला भाषणाला निमित्तच मिळायचं. कादंबरी घरी वाचा म्हणायचो, इथं मेलेल्या माणसांच्या गप्पा ऐकायला यायचं. इतिहासाच्या पुस्तकात लढाई असते. जुन्या आठवणींच्या पुस्तकात लढाईच्या दिवशी घरात कोणती भाजी केली होती ते असतं. जुनी कविता आधी भातातल्या खड्यासारखी दाताखाली येते, आणि चौथ्या वाचनाला एखादा शब्द असा उलगडतो की सातशे वर्षांपूर्वीची बाई शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखं वाटतं. आणि संशोधकांच्या तळटिपा तर मला जेवणानंतरच्या विड्यासारख्या लागतात. एक शब्द खरा की खोटा हे ठरवायला माणूस उभी हयात घालवतो, हे बघितलं की आपल्या आळसाची लाज वाटते, असं मी टाळ्या घेत सांगायचो. लाज हा शब्द तेव्हा माझ्या तोंडात फार स्वस्त होता.

माझा स्वतःचा प्रबंध प्रक्षिप्त ओव्यांवर आहे. म्हणजे कवीनं न लिहिलेल्या, पुढं पोथी उतरवून घेताना कुणीतरी मध्येच घुसडलेल्या ओव्या. मूळ कवीनं एखाद्याला रडत सोडलेलं असतं. हा नकलकार येतो आणि त्याचे डोळे पुसतो, देवाला भेटवतो, सगळं गोड करून टाकतो. वर्गात मी या नकलकारांची अशी खरडपट्टी काढायचो की पोरं बाकं वाजवायची. ज्याला कवीचा शब्द सहन होत नाही त्यानं पोथीला हात लावू नये, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात रद्दीवाल्याकडं एक पुस्तक मिळालं. एका लहानशा जहागिरीच्या कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाच्या आठवणी. पानं तपकिरी, कडा झडलेल्या, आणि लेखक असा खट्याळ की उभ्याउभ्या वाचताना मी एकटाच हसलो. आठवडाभर घरी तयारी केली आणि शनिवारी माडीवर त्यातलं एक प्रकरण वाचायला घेतलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली हकिकत. गावातल्या एका म्हातारीचा मुलगा पलटणीत गेला होता, तो परत आला नाही. म्हातारी रोज सकाळी फडक्यात झुणका-भाकरी बांधून कचेरीत यायची आणि म्हणायची, एवढी माझ्या लेकाला पोचवा. पहिल्यांदा तिला हाकललं. मग एका कारकुनाला मस्करी सुचली. त्यानं फडक्याच्या गाठीवर लाख वितळवून ओतली, तिच्यावर कचेरीची मोहोर उठवली आणि गंभीर तोंडानं सांगितलं, ही निघाली बघा सरकारी टपालानं. म्हातारी हात जोडून घरी गेली. ती वळणाआड झाली की गाठ फोडायची आणि सगळ्यांनी मिळून भाकरी-झुणका खायचा. मग हे रोजचंच झालं. खाताना त्यांच्यातला एकजण पलटणीतल्या मुलाचा आवाज काढून ओरडायचा, की आई, मीठ कमी पडलंय!

तो आवाज मी काढला. घरी आरशापुढं बसवून ठेवला होता, जरासा नाकातला, दुरून हाक मारल्यासारखा. असा हशा पिकला की खालचे ग्रंथपाल जिन्यात येऊन बघून गेले. गुळाचे व्यापारी डोळे पुसत म्हणाले, "सर, पुन्यांदा की!" मी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा आवाज काढला.

हसणं ओसरलं तेव्हा एक बाई उभ्या होत्या. गडमुडशिंगीहून बसनं येतात, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, फारशा बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "सर, गाव कुठलं म्हणालात?"

मी सांगितलं.

"ती माझ्या आईची आजी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात ही गोष्ट सांगतात. पण अशी नाही सांगत."

त्यांच्या घरातली गोष्ट त्यांनी तिथंच, उभ्यानं सांगितली. कचेरीतली माणसं फार भली होती. म्हातारीच्या जिवाला बरं वाटावं म्हणून ती रोज सरकारी लाख जाळायची, मोहोर उठवायची, आणि ती गेली की भाकरी देवळापुढच्या आंधळ्याला नेऊन द्यायची. घरात कुणी कुणाशी वाकडं वागलं की त्यांची आई हीच गोष्ट काढायची, बघा, परक्याच्या आजीसाठी माणसं काय करत होती. "मी परिपाठाला मुलांना सांगितली आहे ही," बाई म्हणाल्या. "दर वर्षी. माणुसकीची गोष्ट म्हणून."

यावर मी काय करावं? मी पुस्तकाची बाजू घेतली. "बाई, लेखकानं लिहिलंय ते मी वाचलं," असं म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. बाईंनी पर्स उचलली आणि त्या जिना उतरून गेल्या. नंतर चहा झाला, पण कपबशांचाच आवाज तेवढा येत होता.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी माफीची वाक्यं मनात जुळवत होतो, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. वाचनाला येणाऱ्या त्यांच्या एका शेजारणीनं, काही कळलं नव्हतं म्हणा की फार कळलं होतं म्हणा, त्यांच्या आईला जाऊन सांगितलं होतं की तुमची आजी पुस्तकात आली. आई नव्वदीला टेकलेली. तिनं धोशा लावला होता, त्या सरांना बोलव, मला वाचून दाखवू दे. "तिला नाही म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या. "वाचताना काय करता येईल ते बघा, सर. ती गोष्ट तिच्यापासून काढून घेऊ नका."

मी बघतो म्हणालो.

त्यांचं घर गावाच्या कडेला, मागं ऊस. बाईंच्या आई, त्यांना मी आजीच म्हणालो, पुढच्या खोलीत खुर्चीवर, धुतलेलं लुगडं नेसून, पदर डोक्यावरनं घेऊन बसल्या होत्या. माझ्यासाठीच नेसल्या असाव्यात. "या पावणं, बसा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "लई मोठ्ठं मास्तर हायसा म्हनं. वाचा की आमच्या आजीचं." बाई भिंतीशी पाट घेऊन खाली बसल्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

मी पुस्तक उघडलं आणि खोटं वाचायला लागलो. जुन्या कारकुनी मराठीचा मला एवढा सराव, की वाक्यामागून वाक्य सुचत गेलं. कारकून कसे हळहळले, लाख कशी वितळवली, आंधळ्याला भाकरी नेऊन देताना एकाचे डोळे कसे पाणावले. मध्येमध्ये पानही उलटत होतो. आणि वाचतावाचता माझ्या लक्षात आलं, की मी ओव्या घुसडतोय. चाळीस वर्षं ज्यांची खरडपट्टी काढली त्यांच्यातलाच एक होऊन बसलो होतो. त्या नकलकारांपुढंही अशीच कुणी म्हातारी बसलेली असेल, डोक्यावर पदर घेऊन, हे कधी माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. प्रबंधात तसं एक वाक्यही नाही. पण त्यांची कीव येऊन माझी लाज कमी होत नव्हती. त्यांनी गोड केलं ते निदान दुसऱ्याचं कडू होतं. हे कडू मीच घरात आणलं होतं.

माझं संपलं. आजींनी पदर सारखा केला.

"ग्वाड वाचलासा," त्या म्हणाल्या. "आता लिवलंय त्ये वाचा."

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "आई, तेच वाचलं त्यांनी."

"गप गं. मी हुतो तितं."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. आजी माझ्याकडं बघूनच बोलत होत्या. "सा-सात वर्साची आसंन. आजीचं बोट धरून रोज जायाचो. तिला कमी ऐकू यायचं, मला यायचं. वळणावर आलो की मागनं हसू यायचं. एक दिस चप्पल ऱ्हायली म्हनून मागारी पळालो, तर समदी खात बसल्याली."

"मग आम्हाला असं का सांगितलंस?" बाईंनी विचारलं. "एवढी वर्षं?"

"लेकरांस्नी काय सांगायचं मग? त्यास्नी बी मानसांतच जगायचं असतंय की." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडं हात केला. "वाचा."

मी वाचलं. आवाज काढला नाही, कुठं थांबलो नाही, वर बघितलं नाही. मीठ कमी पडल्याचं वाक्य आलं तेव्हा आजी म्हणाल्या, "व्हय, असंच म्हनायचा. उंच हुता, त्यो," आणि मला पुढं वाचायची खूण केली. पान उलटलं तर शेवटच्या परिच्छेदाला माझ्याच पेन्सिलीचा कंस होता.

मोठ्यानं वाचणाऱ्यांची ही एक खोड असते. जे गाळायचं त्याला आधी कंस घालून ठेवायचा. लांबलेली वर्णनं, वंशावळी, आणि हशा पिकल्यावर तो मोडेल असं जे काही पुढं येत असेल ते. या परिच्छेदाला मी रडका म्हणून कंस घातला होता. नीट वाचलाही नव्हता. दोन ओळींवर नजर टाकली आणि पेन्सिल फिरवली.

आता वाचला. लेखकानं लिहिलं होतं की म्हातारीबरोबर एक लहान मुलगी असायची. एके दिवशी ती एकटीच परत आली आणि कचेरीच्या दारात उभी राहिली. यांच्या हातात भाकरीचे तुकडे होते, लपवायचं कुणाला सुचलं नाही. मुलगी रडली नाही, बोलली नाही, एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली आणि निघून गेली. त्या दिवसानंतर घास घशाखाली उतरेना, तरी इतर खात होते म्हणून तोही खात राहिला. आणि आता म्हातारपणी ताटात भाकरी आली की ती मुलगी दारात उभी दिसते, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. प्रकरण तिथं संपत होतं. सगळं प्रकरणच त्यानं त्या शेवटासाठी लिहिलं होतं. हसवणं हे तिथवर पोचायला लागणारं धाडस गोळा करणं होतं. मेलेल्या माणसाच्या गप्पा म्हणून मी मिरवत होतो, आणि त्याला जे बोलायचं होतं नेमक्या त्याच जागी मी त्याचं तोंड दाबलं होतं. त्या मुलीलाही पेन्सिलीनं पुसून टाकलं होतं, आणि ती माझ्यासमोर खुर्चीत बसली होती.

"पुन्यांदा वाचा एवढं," आजी म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं.

"म्हंजी बघितलंतं त्यानं मला," त्या म्हणाल्या. बाई उठून आईच्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा हात आईच्या खांद्यावर होता.

"ह्ये शनवारी वाचलासा न्हवं लोकांपुढं?"

"नाही."

"का?"

मराठीचा एवढा शब्दसाठा, पण सोयीचं असं काहीच सापडेना. "लोक हसायचे थांबले असते," मी म्हणालो.

त्या रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर मला सोपं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघितलं, आणि लेकीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

"येत्या शनवारी समदं वाचा," त्या मला म्हणाल्या. "त्यो आवाज बी काढा. मी येतो गाडी करून. म्होरं बसतो. बघायचं हाय मला, कोण कोण हसतंय."

मी बरं म्हणालो.