दात पाहून सोयरीक

माझे सासरे मला पाहायला रेणापूरला आले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, की स्वयंपाक येतो का विचारलं नाही. त्यांनी शेरवानीच्या खिशातून मूठभर फुटाणे काढले, माझ्यापुढच्या ताटलीत ओतले आणि म्हणाले, "खा पोरी. घाई न्हाई." भरल्या बैठकीत मान खाली घालून मी फुटाणे चावत बसले. सगळे गप्प, आणि माझ्या तोंडाचा कुडुमकुडुम आवाज पार ओसरीपर्यंत. दारामागे उभ्या असलेल्या माझ्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताटली रिकामी झाली तसे ते वडिलांकडे वळले. "मंजूर. दाढ पक्की हाय." बाजारात बैल घेतानाही आमच्यात याहून जास्त चौकशी करतात, असं माझी काकू पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

मामंजी नांदेडच्या अदालतीत पेशकार होते. राज्य निजामाचं, कचेरीचा कारभार उर्दूत, आणि मुन्सफासमोर, म्हणजे न्यायाधीशासमोर, कागद ठेवून पक्षकारांना पुकारायचं हे त्यांचं काम. ते काम संध्याकाळी घरी येतानाही त्यांच्यासोबत यायचं. भाजी आवडली तर 'मंजूर', नावडली तर 'खारिज', आणि ठरत नसेल तर 'पेशी उद्या'. साठीकडे झुकले होते, पण एक दात हलला नव्हता. घरात चांगला पितळी अडकित्ता होता. तो शोभेला. सुपारी ते दातांनीच फोडायचे आणि आल्यागेल्यापुढे करायचे. ती घ्यावी कशी, हा आल्यागेल्याचा प्रश्न.

दातांचं सगळं खाण्यात असतं, हा त्यांचा सिद्धांत. तो ऐकल्याशिवाय आमच्या घरून कुणी सुटलेलं मला आठवत नाही. "दात हा वकील हाय, पोट हा मुन्सफ," ते सांगायचे. "वकिलानंच मुकदमा कच्चा मांडला तर मुन्सफ बिचारा काय निकाल देणार?" नांदेडात तेव्हा घरोघरी चहाचं खूळ नवंनवं शिरत होतं. मामंजींच्या लेखी तो साखरेनं काढलेला चोरदरवाजा होता. "साखर म्हंजी गोड बोलनारा चोर. हसत येतो, रोज एक वीट काढून नेतो. भिंत पडली की मग लोक म्हनतात, वय झालं!" आमच्या घरात पांढऱ्या साखरेला बंदी होती. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा गुळाचा. गुरुजी एकदा कुरकुरले, तर मामंजींनी त्यांनाच तोंड उघडायला लावलं आणि आतली पडझड पाहून म्हणाले, "देवाचं नाव काढू नका. हे तुम्हीच करून ठेवलेलं हाय." त्यानंतर गुरुजी प्रसाद मुकाट्यानं घ्यायचे, आणि दक्षिणा घेताना ओठ मिटलेले ठेवायचे.

त्यांचं स्वतःचं जेवण पाहण्यासारखं होतं, आणि ते पाहायला मी रोज हजर असायची, कारण वाढायला मी. ज्वारीची कडक भाकरी, अंबाडीची नाही तर चुक्याची भाजी करडीच्या तेलात, बुक्कीनं फोडलेला कांदा, मुळा पाल्यासकट, तिळाची चटणी, तांब्याभर ताक आणि शेवटी साय धरलेलं वाटीभर दूध. भाकरीचा पापुद्रा मऊ लागला तर परत चुलीवर जायची. प्रत्येक घास ते इतका वेळ चावायचे की मधल्या वेळात माझी पुढची भाकरी थापून व्हायची. "तोंडात जे दळलं न्हाई ते पोटात दळायला जातं कोन दुसरं?" असं म्हणून ते पुन्हा चावायला लागायचे.

असा माणूस शेजारी असता तर मीही हसले असते. पण घरात कुसुम होती. माझी नणंद. गोरी, नाकीडोळी नीटस, विणकामात हात धरणारं कुणी नाही, आणि लग्नाचं वय निघून चाललेलं. हुंडा, पत्रिका, गोत्र, कशावरच तिचं अडत नव्हतं. अडत होतं उसावर.

कुसुमला पाहायला स्थळ आलं की मामंजी चहापोह्यांऐवजी ऊस आणायला सांगायचे. हातभर कांडं मुलाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "सोला." दातांनी. "ऊस पन गोडच की हो पेशकारसाहेब," असं कुणी म्हटलं तर उत्तर तयार असायचं. "ऊस दात घासतो, साखर दात खाते. घासनारा आनि खानारा एक कसा?" परभणीचा एक वकिलाचा मुलगा आला. पान खाऊन त्याचे दात कौलासारखे लाल झालेले. त्याचं कांडं हातात जायच्या आधीच खारिज. हिंगोलीच्या एकानं मोठ्या हिमतीनं ऊस दातांत धरला, साल काही निघाली नाही, उसावर रक्त मात्र दिसलं. त्याचे वडील उठून गेले ते जोडे घालून मगच बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गावात म्हण पडली की पेशकारसाहेबांना जावई नको, उसाचा चरक पाहिजे.

कुसुम हे सगळं हसण्यावारी न्यायची, पण मला ती विहिरीवर एकदा म्हणाली, "वहिनी, दादांना माझी कवळी बसवायची वेळ आली म्हंजी ते थांबतील." वडिलांना ती दादा म्हणायची. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, रात्रंदिवस तोच घोर लावून बसलेल्या. पण त्या मामंजींपुढे बोलायच्या नाहीत. बोलल्याच तर पदर तोंडावर धरून, एक-दोन शब्द. मामंजींना त्यांच्या त्या मर्यादेचा मोठा अभिमान होता. "आमच्या घरची बाई, कधी दात दाखवून हसली न्हाई," असं ते चारचौघांत सांगायचे.

संक्रांतीच्या सुमाराला लातूरचं स्थळ आलं. मुलगा दिगंबर, शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर. सोबत त्याची विधवा आई, बोलायला फटकळ. कुसुमनं त्याला लातूरला मावशीकडे असताना पाहिलं होतं, आणि तिच्या मनात तो भरला होता, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी उसाच्या मोळीतलं सगळ्यात कोवळं, रसरशीत कांडं निवडलं आणि विळीवर त्याच्या सालीला बारीक चीर देऊन ठेवली. माझ्याकडून मी एवढंच करू शकत होते.

मामंजींनी कांडं पुढे केलं. दिगंबरनं ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं, त्याला ती चीर दिसली असावी, आणि तो सरळ म्हणाला, "मला न्हाई जमायचं. माझ्या दोन दाढा किडल्यात. मला गोड लई आवडतं. विळा असंल तर द्या." मी दारामागे कपाळावर हात मारून घेतला. विळा आला. त्यानं बसल्या बसल्या ऊस सोलला, सुबक गंडेऱ्या पाडल्या, आधी आपल्या आईला दिल्या, मग उठून माजघराच्या दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंपुढे ताटली धरली. "घ्या."

"ऱ्हाऊ द्या," मामंजी म्हणाले. "मुलगा खरं बोलला, त्याची तारीफ हाय. पन दाढा किडक्या. खारिज."

कुसुम आतल्या खोलीत मटकन खाली बसली. आणि आत्याबाई, ज्यांचा आवाज त्या बैठकीनं कधी ऐकला नव्हता, उंबरा ओलांडून पुढे आल्या. परक्या माणसांसमोर त्यांनी तोंडावरचा पदर काढला.

"मग मला बी खारिज करा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं.

समोरचे चार-सहा दात सोडले तर आत काही नव्हतं. दोन्ही बाजू सपाट. मामंजी पाहतच राहिले. त्यांनी विचारलं, "हे कधी झालं?"

"तुम्ही कचेरीत होता तवा," आत्याबाई म्हणाल्या.

दिगंबरच्या आईला हसू आलं ते तिनं खोकल्यात लपवलं. आत्याबाई थांबल्या नाहीत. "दर बाळंतपनाला दोन-दोन, तीन-तीन दाढा गेल्या. तुमच्या ताटात ताक, तुमच्या ताटात दूध. भाजीचं बुडाशी राह्यलं तर आमचं, न्हाई तर भाकर पान्यात भिजवून गिळायची. चावायला हाय काय तोंडात? मी काय खाते, कशी खाते, तुम्ही कधी बघितलंय का?"

त्यांनी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? बायको नवऱ्यासमोर जेवत नाही, बोलताना पदर धरते, ही आमच्याकडची रीत. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, गावातल्या गुरुजीपासून पक्षकारापर्यंत सगळ्यांचे दात मामंजींनी तपासले, आणि आपल्या घरातलं एक तोंड त्यांना कधी उघडं दिसलं नाही. गाल बसलेले दिसत होते. ते वयामुळे, असा त्यांचा निकाल होता. गंमत म्हणजे त्यांचा सिद्धांत अक्षरशः खरा होता. दातांचं सगळं खाण्यातच होतं. फक्त तो एकाच ताटावर तपासला होता.

 मामंजींनी ताटलीतली एक गंडेरी उचलली, हातात फिरवली, परत ठेवली, आणि दिगंबरकडे न पाहता म्हणाले, "मंजूर."

कुसुमचं लग्न फाल्गुनात झालं. पंगतीत साखरेची जिलबी होती. मामंजींनी विहीणबाईंच्या आग्रहाखातर एक खाल्ली आणि लगेच उठून दातवण करून आले. चाळीस वर्षांची अक्कल काही एका दिवसात जात नाही. पण घरात एक फरक झाला. त्यांनी आत्याबाईंना आपल्या शेजारी ताट घ्यायला लावलं. सकाळ-संध्याकाळ. आत्याबाई बिचाऱ्या लाजून भिंतीकडे तोंड करून जेवायच्या, आणि मामंजी स्वतःच्या हातानं भाकरी दुधात कुस्करून त्यांच्यापुढे सारायचे. "चावू नको. नुसती गिळ," म्हणायचे. ज्या माणसानं जन्मभर जगाला चावायला सांगितलं त्याच्या तोंडून हे ऐकताना मला हसू यायचं आणि भरूनही यायचं. कचेरीत ते ही गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगायचे. सुधारणा, म्हणायचे. सुधारणेला वाढायला अर्थातच मी होते.

पुढल्या वर्षी कुसुमला दिवस गेल्याचं कळलं तसे मामंजी मोटारीनं लातूरला गेले. लेकीच्या घरी बाप अन्न घेत नाही, म्हणून बाहेरच्या बैठकीत कोरडेच बसले. ख्यालीखुशाली विचारण्याआधी त्यांनी विहीणबाईंना विचारलं, "आमची कुसुम जेवायला कधी बसते? दूध घेते का? कुनासंगं बसते?" हा सगळा प्रसंग मला कुसुमनं पुढे सांगितला. विहीणबाई जराही रागावल्या नाहीत. "माझ्यासंगं बसते, माझ्याच ताटातलं खाते. या, बघा आत येऊन," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत त्यांनी सहज विचारलं, "आनि पेशकारसाहेब, तुमची सून कधी बसते हो?"

मामंजींनी उठून जोडे पायात घातले. त्याच मोटारीनं ते परत निघाले.

मामंजी जाऊन आता खूप वर्षं झाली. गेले तेव्हा सगळे दात जागच्या जागी होते, आणि जेवण मात्र महिनाभर पेजेवर होतं. लोक त्यांच्या दातांच्या गोष्टी अजून सांगतात. मला ते आठवतात ते लातूरहून परत आले त्या दिवशीचे.

दुपार टळली होती. घरातली सगळी जेवली होती आणि मी चुलीपाशी तवा मांडीशी ओढून त्यातलाच उरलेला भाकरतुकडा भिजवत होते. मामंजी धुळीच्या पायांनी सरळ स्वयंपाकघराच्या दारात आले. मी धडपडत उठले, पदर सावरला. ते तव्याकडे पाहत राहिले.

"सूनबाई, तुझं ताट कुठं हाय?"

मी तवा मागे सारला. माझं वेगळं ताट नव्हतंच.

"दाढा कशा हायेत तुझ्या?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेलेला. मला पाहायला आलेल्या त्या माणसाला मी काय सांगणार होते? पहिल्या बाळंतपणात दोन गेल्या होत्या. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

त्यांनी फळीवरून एक ताट काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि जमिनीवर ठेवलं. मग टोपल्यातल्या भाकरी, पातेल्यातली भाजी, शिंक्यावरचं दूध, जे हाताला लागेल ते घालत गेले. जन्मात त्यांनी कुणाला वाढलं नव्हतं. बाईमाणूस किती जेवतं, याचा त्यांना काही अंदाजच नव्हता. चार भाकरी, त्यांवर भाजीचा ढीग, भाजीत दूध. "बस," म्हणाले, आणि तिथंच उंबऱ्यावर पाठ करून बसले, मला संकोच वाटू नये म्हणून.

एवढं मला कधीच जात नव्हतं. त्या दिवशी मी ताटात काही ठेवलं नाही.