बनी पार्कातली खुर्ची

यमुनाबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. १९८६च्या उन्हाळ्यात त्यांनी आईवर लिहायचं मनावर घेतलं.

आई, म्हणजे कलावती, हिने भुसावळकडच्या एका गावात बावीस वर्षं वाचनालय झाडलं. टेबलं पुसली, खुर्च्या सरळ लावल्या, आणि त्यातल्या एकाही खुर्चीवर कधी बसली नाही. बस, असं तिला कुणी म्हटलंच नाही. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. मागे ना फोटो, ना कुठल्या कागदावर नाव. याचा यमुनाबाईंना राग होता, आणि तो त्या लपवतही नसत. आपण लिहिलं नाही तर ही बाई होती हे कळणार तरी कुणाला?

पण लिहायचं कुठे? हिंदी मुलखातल्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत टेबल एकच. त्यावर लेकीची, लताची दहावीची पुस्तकं आणि रेल्वेत गार्ड असलेल्या नवऱ्याचा, भीमरावांचा कंदील, झेंड्या. तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा कुकरने शिट्टी दिली.

"लिहायला लायब्ररी कशाला लागते गं?" भीमराव म्हणाले.

"तुमच्या गाडीला रूळ लागतात ना? तसंच," यमुनाबाई म्हणाल्या आणि वही घेऊन निघाल्या.

क्वार्टरजवळच्या बनी पार्क वस्तीतलं वाचनालय नुकतंच दुरुस्त होऊन उघडलं होतं. भिंतींना नवा चुना, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, टेबलांच्या पॉलिशचा वास अजून ताजा. दारातच एक रजिस्टर. येणाऱ्याने त्यात नाव लिहायचं आणि पुढे आल्याची वेळ ग्रंथपाल भँवरलालजींनी स्वतःच्या हाताने घालायची. नव्या टेबलांना कुणाचं बोट लागलं तरी त्यांचा जीव वरखाली होई.

"बाईसा, कॉपी अंदर नहीं," वहीकडे बोट करून ते म्हणाले आणि पाटी दाखवली. बाहेरची पुस्तकं आणण्यास मनाई.

यमुनाबाईंनी पाटी सावकाश, अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचली. "भैयाजी, ये अभी पुस्तक किधर है? पुस्तक हो जाएगी तब रोकना."

"और स्याही गिरी तो?"

"पेन्सिल है. और टेबल पोंछना तो मेरे को माँ ने सिखाया है."

भँवरलालजींनी रजिस्टरमध्ये वेळ घातली. यमुनाबाई खिडकीपाशी ठाण मांडून बसल्या. रोज दहा ते बारा. पहिले दोन दिवस नुसती खाडाखोड झाली, तिसऱ्या दिवशी पेन्सिल धावू लागली. निघताना त्या टेबल पदराने पुसत. भँवरलालजी ते चष्म्यावरून बघत.

आठव्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. लिपी ओळखीची, म्हणून त्यांनी उभ्याउभ्या वहीत डोकावलं. "हर लाइन में आई, आई, आई. कौन आई, बाईसा?"

त्यांच्या हिंदीत ‘आई’ म्हणजे ‘आली’! यमुनाबाईंना इतकं हसू फुटलं की बाजूला पेपर वाचणाऱ्याने मान वर केली. "हमारे में माँ को आई बोलते हैं," त्यांनी सांगितलं. मग झाडू, बावीस वर्षं, खुर्ची, सगळंच सांगितलं. सांगता सांगता हसू कुठे संपलं ते कळलं नाही. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पेन्सिल उचलली. भँवरलालजी आपल्या जाग्यावर गेले.

लेख पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याखाली, ठळक अक्षरात, आणखी एक.

भँवरलालजींनी रजिस्टर आपल्याकडे वळवून मोठ्याने वाचलं, "कलावती आई."

"हाँ. आई," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीजवळची दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर टेबलावर वही ठेवली.

भँवरलालजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग टाक शाईत बुडवून त्यांनी त्या नावापुढेही वेळ घातली: दहा वाजून पाच मिनिटं.