सत्त्याण्णव टक्क्यांवरचे मिठागर

आमच्या वाचनमंडळात पुस्तक उघडण्याची एक रीत आहे. महिन्यातून एका शनिवारी, दुपारी चार वाजता, मल्लेश्वरममधील एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही आठ-दहा माणसे जमतो. ठरलेली कादंबरी सर्वांनी वाचून यायची असते. परंतु ज्याची पाळी असेल त्याने खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून पहिली दहा मिनिटे एकट्याने बोलायचे. याला आम्ही पुस्तक उघडणे म्हणतो. त्या दहा मिनिटांत कोणी मध्ये बोलत नाही. घरच्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी या कानडी मुलखात आले, आणि त्यांच्या मराठीत कन्नड इतके मुरले आहे की कोणता शब्द कुठला, हे त्यांनाही वेगळे काढता येणार नाही.

दोन वर्षे मी त्या खुर्चीत बसणे टाळले. पाळी जवळ आली की मी कॉफीचे पेले गोळा करून स्वयंपाकघरात जात असे आणि स्वच्छ पेलेसुद्धा विसळून ठेवत असे. एकदा अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, आमच्याकडं भांडी घासायला बाई आहे. पुस्तक उघडायला माणूस कमी पडतोय."

मी हसलो आणि आणखी एक पेला विसळला.

संकोच स्वभावातच आहे, पण इथे त्याला कारणही होते. मी वाचलेला माणूस नव्हतो. निपाणीत मराठी शाळेत शिकलो, धारवाडला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ बोम्मसंद्र्याच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम केले. त्या काळात रोज शेकडो पाने वाचली, पण त्यांत गोष्ट नसे. असलीच तर तिला आम्ही चूक म्हणत असू. निवृत्त झाल्यावर, वयाच्या साठीत, मी पहिली कादंबरी हातात घेतली. आणि मंडळ गेल्या चार-पाच वर्षांतलीच पुस्तके वाचत असल्यामुळे मी एकदम नव्या कादंबऱ्यांनीच सुरुवात केली.

त्यामुळे माझा जो गोंधळ झाला तो मी कोणाजवळ बोललो नाही. या कादंबऱ्यांत माणसे बोलतात, पण अवतरणचिन्हे नसतात. एका प्रकरणात 'मी' म्हणणारी बाई पुढच्या प्रकरणात 'ती' होते, आणि त्यापुढच्या प्रकरणात कोणीतरी तिला 'तू' म्हणू लागते. ते कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. शेवट तर बहुधा नसतोच. पाने संपतात एवढेच. ज्यांनी आधीचे बरेच वाचले आहे त्यांना हे नवे लेखक कशाला नकार देत आहेत ते कळत असावे. मला नुसता नकार दिसे. मंडळात इतरांना माना डोलावताना पाहून मला वाटे की एखादी किल्ली यांना शाळेतच मिळाली आहे आणि त्या दिवशी मी गैरहजर होतो.

त्यातच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि छापील अक्षर डोळ्यांना टोचू लागले. मुलीने पडद्यावर पुस्तके दाखवणारे एक वाचनयंत्र आणून दिले. व्हाइटफील्डहून ती मुद्दाम एका रविवारी आली, माझ्या शेजारी बसली आणि अक्षर मोठे कसे करायचे ते तिने मला चार वेळा दाखवले.

"बाबा, दाबायचं नाही. नुसतं टेकवायचं. तुम्ही कॉलिंग बेल वाजवल्यासारखं करता."

"टेकवलं की पान उलटतं आणि दाबलं की?"

"दाबलं की शब्दाचा अर्थ येतो. नाहीतर दोन पानं उलटतात. काय होईल सांगता येत नाही तुमच्या बोटांचं."

यंत्राने माझी एक अडचण मिटवली आणि दुसरी दिली. आता मोठे अक्षर निवांत वाचता येई. पण पुस्तकाला जाडी उरली नाही. छापील कादंबरीत उजव्या हातातली पाने कमी होत चालली की मन आपोआप आवराआवर करू लागते. इथे खालच्या कोपऱ्यात केवळ टक्के दिसत. खरे सांगायचे तर मला ते आवडले. टक्के ही माझी जुनी भाषा होती. आमच्या कामात प्रत्येक कागदावर 'एवढ्यांपैकी इतकावे पान' असे लिहिलेले असे आणि शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा नियम मी एकदाही मोडला नाही. कादंबरीही मी त्याच शिस्तीने वाचू लागलो. शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के.

गेल्या वर्षी अक्कांनी मला न विचारताच वहीत माझी पाळी लिहून टाकली. कादंबरी होती एका तालुक्याच्या गावातल्या बाईची. तिची टायपिंगची संस्था बंद पडत चालली आहे. तिचा धाकटा भाऊ पुष्कळ वर्षांपूर्वी घरातून निघून गेला आहे आणि त्याच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. कधी ती सांगते, कधी तिला सांगितले जाते, मध्येच परीक्षांच्या जुन्या नोटिसा येतात. प्रत्येक प्रकरण मी दोनदा वाचून पुढे गेलो आणि दोन्ही वेळा वाटले की आपण दाराबाहेरच उभे आहोत. शेवटी बाई संस्थेचे शटर ओढते. आत एका यंत्रावर कागद चढवलेला तसाच राहतो. कोपऱ्यात शहाण्णव टक्के.

मी बोट टेकवले. पुढचे प्रकरण सुरू झाले: समुद्राकाठचे मिठागर, पहाटेची वेळ. 'मी' म्हणणारा एक माणूस फावड्याने मीठ ओढतो आहे. तो आपले नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. इथे आल्यापासून आपल्याला कोणी काही विचारलेले नाही, एवढेच म्हणतो. दुपारी पेरू कापतो, बोटाला लागलेले मीठ त्याला चोळतो आणि खाता खाता थांबतो. तिथे वाक्य तुटते. शंभर टक्के.

मी यंत्र मांडीवर ठेवले. तो भाऊ होता. कादंबरीत अगदी सुरुवातीला, बहीण-भाऊ लहान असताना, भाऊ मिठाशिवाय पेरूला हात लावत नसे, हे एका ओळीत येऊन गेले होते. बहिणीला तो कधीच सापडला नाही, पण वाचकाला सापडला. लेखिकेने ते सांगितलेही नाही, केवळ पेरू समोर ठेवला. माझे डोळे भरून आले. या नव्या कादंबऱ्या कशा वाचायच्या ते मला पहिल्यांदाच कळले असे वाटले आणि पाळीची भीती गेली. मी दहा मिनिटांचे भाषण लिहून काढले. त्यातली आठ मिनिटे मिठागराची होती.

त्या शनिवारी मी वेताच्या खुर्चीत बसलो. शटरपर्यंत मी कागदावरचे वाचत गेलो. मिठागराविषयी बोलू लागलो तेव्हा समोरचे चेहरे इतके शांत झाले की आपले बोलणे पोहोचते आहे अशी माझी खात्री पटली. पुण्याहून येऊन इथे मुलाकडे राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मंडळात सर्वांत अधिक बोलतात. ते डोळे मिटून मान डोलावत होते. दहा मिनिटे संपताच ते म्हणाले, "क्या बात है! मिठागराचा शेवट म्हणजे कळसच आहे. माझ्या तर अंगावर काटा आला वाचताना."

मग एक तरुण मुलगी बोलली. ती संगणकाच्या कंपनीत आहे. दिवसभर पडद्यासमोर असते म्हणून कादंबरी कागदावरच वाचते.

"काका, मिठागर कुठल्या पानावर आहे?"

"पान नाही सांगता येणार," मी म्हणालो. "सत्त्याण्णव टक्क्यांवर."

कोणीतरी फिसकन हसले. ती मुलगी हसली नाही. तिने आपले पुस्तक उघडून शेवटचे पान माझ्यासमोर धरले. त्यावर शटर होते आणि त्याखाली कोरी जागा.

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या आणि चष्मा लावून आपली प्रत चाळू लागल्या. "माझ्याकडंपण शटरच आहे की. मीठ नाही, पेरू नाही, कायच नाही."

"आवृत्ती वेगळी असेल," बँकेचे गृहस्थ म्हणाले. "माझ्यात आहे."

"सरी, बरं. दाखवा बघू."

"आता लगेच सापडणार नाही, अक्का."

"शेवट शेवटीच असतो ना हो? द्या इकडं." अक्कांनी त्यांच्या कापडी पिशवीतून पुस्तक स्वतःच काढून घेतले. त्यात खुणेसाठी एक लग्नपत्रिका घातलेली होती. ती चाळिसाव्या पानाच्या आसपास होती. अक्कांनी पत्रिका पाहिली, पान पाहिले, आणि दोन्ही जसेच्या तसे परत दिले. "नवरामुलगा बरा आहे का?" एवढेच विचारले.

खोली हसण्याने भरून गेली. ते गृहस्थही शेवटी हसले. मी हसू शकलो नाही. त्या मुलीने माझे यंत्र मागून घेतले आणि मिठागराच्या सुरुवातीपासून एक पान मागे नेले. तिथे एक पान होते, जे मी कधीच पाहिले नव्हते. शटरपाशी बोट दाबले जाऊन दोन पाने उलटली असणार. पानावर मधोमध लहान अक्षरांत लिहिले होते की यापुढे याच लेखिकेच्या आगामी कादंबरीचे पहिले प्रकरण नमुन्यादाखल दिले आहे.

तिने ते मोठ्याने वाचले नाही. मला दाखवले आणि हळूच म्हणाली, "हे दुसरंच पुस्तक आहे, काका."

अक्कांनी मात्र तिच्या खांद्यावरून वाचले होते, आणि मग सगळ्यांना ते कळले. जन्मभर मी इतरांच्या कागदांतले सुटलेले पान शोधून काढले होते. समोरच्या तिपाईवर रिकामे पेले होते. मी उठलो आणि त्यांतले दोन उचलले.

"बसा," अक्का म्हणाल्या. "ठेवा ते. तुमचं झालेलं नाही."

"माझं चुकलंच, अक्का. शटरवर संपते ती. मला त्या कादंबरीतलं काही कळलेलं नाही, हेच खरं."

"ते राहू द्या. आम्हाला तरी काय कळलंय? मी महिनाभर विचार करतेय, त्या पोराचं काय झालं. तो माणूस भाऊच कशावरून, ते परत सांगा. आणि नुसतं सांगू नका, वाचून दाखवा."

मी वाचले. अक्षर मोठे केलेले असल्यामुळे पान दर काही ओळींनी उलटावे लागत होते आणि प्रत्येक वेळी मी बोट अगदी जपून टेकवत होतो. पेरूपाशी आलो, वाक्य तुटले, आणि त्याखाली पुस्तक बाजारात आल्यावर कळवण्याचे बटण आले. तेही मी वाचून टाकले, कारण थांबायचे कुठे हे मला समजले नाही.

मग बँकेचे गृहस्थ म्हणाले, "भाऊच आहे हो." हे त्यांनी आपली अब्रू सावरण्यासाठी म्हटले की मनापासून, हे मला आजही ठरवता येत नाही. मुलगी म्हणाली, "पण लेखिकेच्या मनात नसेल तर?" त्यावरून वाद सुरू झाला आणि तो साडेसहापर्यंत चालला. काहींचे म्हणणे पडले की एकाच हाताने लिहिलेल्या दोन पुस्तकांत एकच पेरू उगाच येत नाही; काहींचे म्हणणे, पेरूला मीठ सगळेच लावतात. मला दोन्ही पटले. निघताना अक्कांनी वहीत लिहून ठेवले की ती दुसरी कादंबरी आली की मंडळ तीच वाचेल आणि ती मीच उघडायची.

ती आता आली आहे. गेले तीन आठवडे मी ती वाचतो आहे. या वेळी प्रत्येक पान दोनदा मागे-पुढे करून पाहिले, एकही सुटलेले नाही. मिठागरातल्या त्या माणसाला पुढे एक मुलगा आहे, बायको आहे, चिपळूणकडचे एक जुने घर आहे, आणि बहिणीचा कुठेही उल्लेख नाही. म्हणजे तो भाऊ नाही. परंतु एका प्रकरणात तो पोस्टात जातो, खिडकीतल्या बाईची बोटे टायपिंगच्या यंत्रावर चालताना पाहत उभा राहतो, आणि आपण तिथे कशासाठी आलो ते विसरतो. त्याचे कारण दिलेले नाही. ते प्रकरण मी चार वेळा वाचले. जो माणूस माझ्यासाठी वर्षभर कोणाचा तरी भाऊ होता, तो आता कोणाचाच भाऊ नाही असे मानून मी वाचू पाहतो, आणि जमत नाही. लेखिकेचे खरे मानावे, तर मी मागच्या वेळी रडलो ते कशासाठी? माझे खरे मानावे, तर छापलेल्या पुस्तकाविरुद्ध बोलणारा मी कोण?

मंडळातून फोन येत आहेत. ज्यांची अजून वाचून झालेली नाही ते सगळे एकच विचारतात, भाऊ आहे का? या वेळी मी भाषण लिहिलेले नाही. दोनदा बसलो, पण पहिल्या वाक्यापुढे जाता आले नाही. ते वाक्य असे आहे की ही कादंबरी मी शंभर टक्के वाचली आहे आणि हा माणूस कोणाचा कोण, हे मला कळलेले नाही. परवा शनिवार आहे. बहुधा तेवढेच म्हणेन, आणि मग पोस्टाचे ते प्रकरण वाचून दाखवीन.